एथेल गॉर्डन फेनविक

एथेल गॉर्डन फेनविक (माहेरचे आडनाव: मॅन्सन, २६ जानेवारी १८५७ – १३ मार्च १९४७) ह्या ब्रिटिश परिचारिका, संपादिका आणि परिचारिकांच्या शासकीय नोंदणीच्या चळवळीच्या प्रमुख नेत्या होत्या. पतीच्या नावावरून त्या मिसेस बेडफर्ड फेनविक ह्या नावानेही ओळखल्या जात. वयाच्या २४व्या वर्षी त्या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाच्या अधिसेविका (मेट्रन) झाल्या. प्रत्येक परिचारिकेने ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यावे, देशभर एकच असलेली सार्वजनिक परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि त्यानंतरच तिचे नाव शासनमान्य नोंदवहीत यावे, ह्या मागणीसाठी त्यांनी १८८७ ते १९१९ अशी ३२ वर्षे लढा दिला. ह्या लढ्यातून ब्रिटनमध्ये १९१९चा परिचारिका नोंदणी कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर त्यांचेच नाव आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस ह्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या त्या संस्थापक आणि पहिल्या अध्यक्षा होत्या.

प्रारंभिक जीवन

एथेल मॅन्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील मोरेशायर परगण्यात एल्गिनजवळ स्पायनी येथे झाला. त्यांचे वडील डेव्हिड डेव्हिडसन मॅन्सन हे डॉक्टर होते व शेतीही करीत. एथेल लहान असतानाच त्यांचे निधन झाले. आई हॅरिएट यांनी नंतर नॉटिंगहॅमशायरमधील जमीनदार जॉर्ज स्टोरर यांच्याशी विवाह केला. स्टोरर हे पुढे ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. त्यामुळे एथेल यांचे बालपण सुस्थितीतील घरात गेले आणि त्यांचे शिक्षण यॉर्कशायरमधील मिडलथॉर्प हॉल येथील खाजगी शाळेत झाले.

१८७८ साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्या नॉटिंगहॅम येथील मुलांच्या रुग्णालयात प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाल्या. तेथून त्या मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीमध्ये गेल्या. १८७९ मध्ये त्यांची लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील लंडन हॉस्पिटलमध्ये परिसेविका (सिस्टर) म्हणून नेमणूक झाली. प्रशिक्षणार्थी ते कक्षाची प्रमुख हा प्रवास त्यांनी सुमारे एका वर्षात पूर्ण केला. त्या काळी परिचारिकेने किती शिकावे ह्याला कोणतेच सर्वमान्य माप नव्हते, ह्याचे त्यांची स्वतःची कारकीर्द हे एक उदाहरण होते.

सेंट बार्थोलोम्यूजच्या अधिसेविका

१८८१ मध्ये सेंट बार्थोलोम्यूज ह्या लंडनमधील प्राचीन रुग्णालयाच्या अधिसेविकापदी त्यांची निवड झाली. तेथील परिचर्या विद्यालय १८७७ साली सुरू झाले होते. एथेल मॅन्सन यांनी प्रशिक्षणाचा कालावधी वाढवून तो ३ वर्षांचा केला आणि कक्षातील कामाला व्याख्यानांची व परीक्षेची जोड दिली. ३ वर्षांचा हा कालावधी पुढे त्यांच्या साऱ्या चळवळीचा पाया ठरला. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे विवाहित स्त्रीला अधिसेविकापदावर राहता येत नसे, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी कोणत्याही रुग्णालयात नोकरी केली नाही. लंडनमधील २०, अपर विम्पोल स्ट्रीट हे त्यांचे घर पुढील अनेक वर्षे नोंदणीच्या चळवळीचे केंद्र होते.

नोंदणीपूर्वीची परिस्थिती

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या विद्यालय सुरू झाल्यानंतर ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांनी स्वतःची प्रशिक्षण केंद्रे काढली. मात्र अभ्यासक्रम, कालावधी आणि परीक्षा ह्या बाबी प्रत्येक रुग्णालय आपल्या सोयीने ठरवीत असे. काही ठिकाणी एका वर्षात प्रमाणपत्र मिळे, तर काही ठिकाणी त्यासाठी २ किंवा ३ वर्षे लागत. काही रुग्णालयांत परीक्षाच नव्हती. तेथे अधिसेविकेचा अभिप्राय हेच प्रमाणपत्र असे. रुग्णालयाबाहेर खाजगी घरांत शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांपैकी कोण शिकलेली आहे आणि कोण केवळ गणवेश घालून आलेली आहे, हे कुटुंबाला कळण्याचा मार्ग नव्हता.

डॉक्टरांची नोंदवही १८५८च्या वैद्यकीय कायद्याने अस्तित्वात आली होती. फेनविक यांची मागणी ह्याच धर्तीवर होती. ३ वर्षांचे प्रशिक्षण, त्यानंतर रुग्णालयाशी संबंध नसलेल्या मंडळाने घेतलेली परीक्षा, उत्तीर्ण उमेदवारांची प्रसिद्ध नोंदवही आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्या नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा अधिकार, अशी तिची चार अंगे होती. ही व्यवस्था परिचारिकांनी स्वतः चालवावी, ती रुग्णालयांच्या विश्वस्तांकडे असू नये, असाही त्यांचा आग्रह होता.

ब्रिटिश नर्सेस असोसिएशन

१८८७ मध्ये हेन्री बर्डेट यांच्या पुढाकाराने चाललेल्या हॉस्पिटल्स असोसिएशनने परिचारिकांची नोंदवही ठेवण्याचा विचार केला. संस्थेतील अधिसेविकांनी ३ वर्षांच्या प्रशिक्षणाची अट सुचविली, परंतु संस्थेच्या चालकांनी एका वर्षाची अट पुरेशी मानली. ह्या मतभेदावरून अधिसेविकांचा गट बाहेर पडला आणि त्याच वर्षी फेनविक यांच्या घरी ब्रिटिश नर्सेस असोसिएशनची स्थापना झाली. राणी व्हिक्टोरिया यांच्या कन्या राजकुमारी हेलेना ह्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या.

संस्थेने राजसनदेसाठी अर्ज केला, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. १८९३ मध्ये सनद मिळाली, पण तिच्यात नोंदवही हा शब्द येऊ दिला गेला नाही. संस्थेला परिचारिकांची केवळ यादी ठेवण्याची परवानगी मिळाली. यादीत नाव असणे म्हणजे पात्रतेचे कायदेशीर प्रमाण नव्हते, त्यामुळे मूळ मागणी अपुरीच राहिली. पुढे संस्थेतील डॉक्टर सदस्यांचे वजन वाढले. त्यांनी फेनविक यांना कार्यकारिणीतून दूर केले आणि संस्थेने काही काळ नोंदणीच्या विरोधात भूमिका घेतली. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेतून बाहेर पडावे लागल्यावर फेनविक यांनी १८९४ मध्ये स्थापन झालेली मेट्रन्स कौन्सिल आणि १९०२ मध्ये स्थापन झालेली सोसायटी फॉर द स्टेट रजिस्ट्रेशन ऑफ ट्रेन्ड नर्सेस ह्या संस्थांमार्फत काम पुढे नेले.

नाइटिंगेल आणि इतरांचा विरोध

नोंदणीला सर्वांत वजनदार विरोध फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा होता. परीक्षेत स्मरणशक्ती आणि पुस्तकी ज्ञान तपासता येते, पण रुग्णाविषयीची कळकळ, सावधपणा, स्वच्छतेची सवय आणि चारित्र्य हे गुण तपासता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. परिचारिकेला रोज काम करताना पाहणारी अधिसेविकाच तिची खरी परीक्षक होय. एकदा नोंदवहीत आलेले नाव पुढे तिची गुणवत्ता घसरली तरी तसेच राहील आणि उत्तम व सामान्य परिचारिका एकाच पातळीवर येतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

लंडन हॉस्पिटलच्या अधिसेविका ईव्हा ल्यूक्स आणि तेथील अध्यक्ष सिडनी हॉलंड यांच्या विरोधाला व्यावहारिक बाजूही होती. ह्या रुग्णालयात २ वर्षांनंतर प्रमाणपत्र दिले जाई आणि त्यानंतर परिचारिकेला आणखी २ वर्षे रुग्णालयाच्या सेवेत राहावे लागे. ह्या काळात तिला खाजगी रुग्णांकडे पाठविले जाई व त्याचे शुल्क रुग्णालयाला मिळे. ३ वर्षांची अट कायद्याने आली असती, तर अशा परिचारिकांना पूर्ण प्रशिक्षित म्हणून पाठविणे शक्य झाले नसते.

फेनविक यांनी चारित्र्याचे महत्त्व नाकारले नाही. चारित्र्य पारखण्याचे काम रुग्णालयाने प्रशिक्षणाच्या काळात करावे आणि ज्ञानाची किमान पातळी बाहेरच्या परीक्षकाने तपासावी, असे त्यांचे मत होते. जी संस्था परिचारिकेच्या श्रमाचा उपयोग करून घेते, तीच तिच्या शिक्षणाची एकमेव साक्षीदार असावी, हे त्यांना मान्य नव्हते.

संपादनकार्य

१८९३ मध्ये फेनविक दांपत्याने द नर्सिंग रेकॉर्ड हे साप्ताहिक आपल्या हाती घेतले. १९०२ पासून ते द ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग ह्या नावाने निघू लागले. एथेल फेनविक यांनी ५० वर्षांहून अधिक काळ त्याचे संपादन केले. नोंदणीची बाजू मांडण्याबरोबरच हे नियतकालिक परिचारिकांच्या अभ्यासाचेही साधन होते. डॉक्टरांची व्याख्याने, शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, पथ्य व आरोग्यशास्त्र ह्यांवरील लेख त्यात येत. शुश्रूषेतील एखादा प्रश्न देऊन त्याचे लेखी उत्तर मागविणारी आणि उत्कृष्ट उत्तर छापून त्याला बक्षीस देणारी स्पर्धाही त्यात चालत असे. दिवसभर कक्षात काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या परिचारिकांना परीक्षेच्या धर्तीवर उत्तर लिहिण्याचा सराव ह्यातून मिळे.

आंतरराष्ट्रीय कार्य

१८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या तयारीसाठी फेनविक अमेरिकेला गेल्या होत्या. तेथे इसाबेल हॅम्प्टन यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि प्रदर्शनाच्या निमित्ताने परिचारिकांची परिषद भरविण्यास चालना मिळाली. १८९७च्या ग्रीस-तुर्कस्तान युद्धात त्यांनी ग्रीसमध्ये जाऊन जखमी सैनिकांच्या शुश्रूषेची व्यवस्था पाहिली.

जुलै १८९९ मध्ये लंडन येथे त्यांनी परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची कल्पना मांडली. त्यातून इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस स्थापन झाली. फेनविक पहिल्या अध्यक्षा आणि अमेरिकेच्या लाव्हिनिया डॉक सचिव झाल्या. संघटनेमुळे विविध देशांतील कायद्यांची माहिती एकत्र येऊ लागली. केप वसाहतीत (सध्याचा दक्षिण आफ्रिका) परिचारिकांची नोंदणी १८९१ मध्येच सुरू झाली होती. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यापासून असे कायदे होऊ लागले. चळवळीचे केंद्र असलेले ब्रिटन मात्र मागे राहिले.

१९१२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे भरलेल्या अधिवेशनात फेनविक यांनी दिवंगत नाइटिंगेल यांचे स्मारक शैक्षणिक कार्याच्या रूपाने उभारावे, असा प्रस्ताव मांडला. त्यातून १९३४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल इंटरनॅशनल फाउंडेशन ह्या संस्थेची स्थापना झाली. नाइटिंगेल यांनी अखेरपर्यंत नोंदणीला विरोध केला होता, ही गोष्ट ह्या प्रस्तावाच्या आड आली नाही.

संसदेतील लढा

१९०२ मध्ये ब्रिटनमध्ये सुईणींसाठी कायदा झाला आणि त्यांच्या परीक्षेसाठी मध्यवर्ती मंडळ नेमले गेले. त्यामुळे परिचारिकांच्या मागणीला बळ मिळाले. १९०४ पासून नोंदणीची विधेयके वारंवार संसदेत मांडली गेली. हाउस ऑफ कॉमन्सच्या निवड समितीने १९०५ मध्ये नोंदणीच्या बाजूने अहवाल दिला. १९०८ मध्ये लॉर्ड ॲम्प्टहिल यांनी मांडलेले विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मंजूर झाले. ॲम्प्टहिल हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १९०४ मध्ये त्यांनी भारताचे हंगामी व्हाइसरॉय म्हणून काम केले होते. परंतु सरकारने वेळ न दिल्याने विधेयक कॉमन्समध्ये पुढे सरकले नाही.

पहिल्या महायुद्धात अल्पकालीन शिक्षण घेतलेल्या हजारो स्वयंसेविका रुग्णालयांत दाखल झाल्या. युद्धानंतर प्रशिक्षित परिचारिका कोणाला म्हणावे हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला. १९१६ मध्ये कॉलेज ऑफ नर्सिंग ही नवी संस्था स्थापन झाली. तिलाही नोंदणी हवी होती, पण तिच्या कारभारावर रुग्णालयांच्या चालकांचा प्रभाव असल्याचा आक्षेप फेनविक यांनी घेतला. १९१९ मध्ये दोन्ही पक्षांची विधेयके संसदेत एकमेकांसमोर उभी राहिली. तडजोड होत नाही असे पाहून आरोग्यमंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांनी सरकारी विधेयक आणले आणि २३ डिसेंबर १९१९ रोजी कायदा संमत झाला. इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड ह्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे व स्वतंत्र परिषदा निर्माण झाल्या.

नोंदवही आणि वाद

इंग्लंड व वेल्ससाठी नेमलेल्या जनरल नर्सिंग कौन्सिलमध्ये फेनविक यांची सदस्य म्हणून नियुक्ती झाली व नोंदणी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२१ मध्ये नोंदवही खुली झाली. सर्वसाधारण विभाग स्त्री परिचारिकांसाठी होता. पुरुष परिचारक, मनोरुग्णांची शुश्रूषा, बालरुग्णांची शुश्रूषा आणि संसर्गजन्य ज्वरांची शुश्रूषा ह्यांसाठी पुरवणी विभाग होते.

आधीपासून काम करणाऱ्या परिचारिकांना परीक्षेविना नोंदणीची सवलत मिळाली. त्यासाठी त्यांना प्रशिक्षणाचा किंवा प्रत्यक्ष कामाचा पुरावा द्यावा लागे आणि अर्जाची मुदत जुलै १९२३ पर्यंत होती. फेनविक यांचे नाव ह्याच सवलतीखाली पहिल्या क्रमांकावर नोंदले गेले. ज्या परीक्षेसाठी त्या ३२ वर्षे झगडल्या, ती त्यांना स्वतःला द्यावी लागली नाही.

फेनविक प्रत्येक अर्ज बारकाईने तपासण्याचा आग्रह धरीत. त्यामुळे काम संथ झाले, अर्ज साचले आणि कौन्सिलमध्ये तीव्र मतभेद झाले. १९२१च्या अखेरीस बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. आरोग्य मंत्रालयाच्या मध्यस्थीनंतर नोंदणीची पद्धत बदलण्यात आली आणि समितीचे अध्यक्षपद फेनविक यांच्याकडे राहिले नाही. परिचारिकांच्या मतदानाने झालेल्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९२३ मध्ये संसदेने जुन्या परिचारिकांसाठीच्या अटी आणखी शिथिल केल्या. फेनविक यांना हा निर्णय मान्य नव्हता.

शासकीय परीक्षा

सवलतीचा काळ संपल्यावर नोंदणीसाठी शासकीय परीक्षा हा एकमेव मार्ग उरला. १९२५ पासून ही व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. परीक्षेचे दोन टप्पे होते. प्राथमिक परीक्षेत शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि शुश्रूषेची मूलतत्त्वे हे विषय असत. ३ वर्षांच्या प्रशिक्षणानंतरच्या अंतिम परीक्षेत वैद्यकीय, शस्त्रक्रियाविषयक आणि स्त्रीरोगविषयक शुश्रूषा हे विषय असत. दोन्ही टप्प्यांत लेखी उत्तरपत्रिकांबरोबर तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षाही होती.

कौन्सिलने परीक्षेच्या अभ्यासक्रमाबरोबरच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही सक्तीचा करण्याचा प्रयत्न केला होता. रुग्णालयांनी खर्च आणि मनुष्यबळाच्या अडचणी पुढे केल्या. १९२५ मध्ये संसदीय समितीच्या निर्णयानुसार प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केवळ मार्गदर्शक राहिला आणि परीक्षेचा अभ्यासक्रम बंधनकारक ठरला. ह्याचा परिणाम असा झाला की, कसे शिकवावे हे रुग्णालयाच्या मर्जीवर राहिले, पण काय आले पाहिजे हे परीक्षेने ठरविले. विद्यार्थिनी अनुत्तीर्ण होऊ लागल्यास रुग्णालयाच्या प्रशिक्षण केंद्राची प्रतिष्ठा धोक्यात येई. म्हणून व्याख्यानांचे वेळापत्रक, शरीररचनेचे तक्ते व सांगाडे, सरावाच्या खोल्या आणि शिकविण्यासाठी स्वतंत्र सिस्टर ट्यूटर ह्या सोयी हळूहळू वाढल्या. तरीही अनेक ठिकाणी व्याख्याने कामाच्या तासांबाहेरच होत आणि तयारीचा भार विद्यार्थिनींच्या विश्रांतीच्या वेळेवरच पडे.

उत्तरायुष्य

१९२६ मध्ये फेनविक यांनी ब्रिटिश कॉलेज ऑफ नर्सेस ही संस्था स्थापन केली. कॉलेज ऑफ नर्सिंगला पर्याय म्हणून निघालेली ही संस्था सदस्यसंख्येच्या दृष्टीने लहानच राहिली. १९४३च्या कायद्याने कमी प्रशिक्षण घेतलेल्या साहाय्यक परिचारिकांची वेगळी नामावली सुरू झाली. ह्यामुळे नोंदणीकृत परिचारिकेच्या दर्जाला धक्का बसेल, असे म्हणून फेनविक यांनी तिला विरोध केला. वार्धक्यातही त्या संपादनाचे काम पाहत होत्या. १३ मार्च १९४७ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन आणि टीका

फेनविक यांच्यावर त्यांच्या हयातीतच वर्गीय दृष्टिकोनाचा आरोप झाला. परिचर्या हा सुशिक्षित व प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांचा व्यवसाय व्हावा, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांच्या अटींमुळे गरीब स्त्रियांना ह्या व्यवसायाची दारे बंद होतील, असे टीकाकारांना वाटे. तडजोड न करण्याच्या स्वभावामुळे त्यांनी अनेक सहकारी गमावले. ३ वर्षांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या फेनविक यांचे स्वतःचे प्रशिक्षण त्याहून कितीतरी कमी होते, ह्या विसंगतीकडेही अभ्यासक लक्ष वेधतात.

दुसरीकडे, परिचारिकेची पात्रता ही तिच्या मालकाची खाजगी बाब नसून सार्वजनिक हिताची बाब आहे, हा विचार कायद्यात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. परीक्षा चारित्र्य मोजू शकत नाही, हा नाइटिंगेल यांचा आक्षेपही पूर्णपणे मागे पडला नाही. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कक्षातील कामाच्या नोंदी आवश्यक मानण्याच्या पद्धतीत त्या आक्षेपाची दखल दिसते.

वारसा

लंडनमधील २०, अपर विम्पोल स्ट्रीट ह्या त्यांच्या घरावर १९९९ मध्ये निळा स्मृतिफलक बसविण्यात आला. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस ही संघटना आजही कार्यरत आहे.

भारतात १९०८ मध्ये स्थापन झालेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९१२ मध्ये ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न झाली. परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे भारतात प्रांतवार झाले. मद्रास प्रांतात १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९३५ मध्ये असा कायदा झाला. फेनविक यांच्या निधनाच्या वर्षीच, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. महाराष्ट्रात १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणीचे काम पाहते. मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, परीक्षा आणि त्यानंतर नोंदणी हा क्रम येथील व्यवस्थेचाही आधार आहे.